ओळीला सुटलेलं पोट

ते स्टेडियम पहिल्यांदा बघणारा माणूस आपोआप मान वाकडी करतो. त्यात त्याचा दोष नाही. कुणीतरी भलंमोठं वेताचं टोपलं आणावं, खाली ठेवताना हात निसटावा आणि ते एका अंगाला कलंडून तसंच राहावं, असा त्या इमारतीचा घाट आहे. एका बाजूची कड सात मजले उंच, समोरची तीन मजले. खांब म्हणून जे आहेत त्यातला एकही सरळ उभा नाही. सगळे तिरपे, वेताच्या कामट्यांसारखे एकमेकांच्या कुशीत शिरलेले. वरून पांढऱ्या खवल्यांचं छत. कागदोपत्री त्याला हातभर लांबीचं नाव आहे, पण ते फक्त तिकिटावर छापतात. शहर त्याला टोपलं म्हणतं. बसचा कंडक्टर 'टोपलं, टोपलं' असा पुकारा करतो आणि देशोदेशीचे पाहुणे मुकाट खाली उतरतात.

या टोपल्यात गोलचे खांब सोडले तर सरळ अशी एकच वस्तू आहे. हिरवळीवरच्या पांढऱ्या ओळी. त्या मारणाऱ्याला सगळे सूतमामा म्हणतात.

एकदा नव्यानं कामावर लागलेल्या माळ्याच्या कानांनी घोटाळा केला. त्यानं 'सुतकमामा' ऐकलं, आणि चेहरा पाडून जवळ येऊन विचारलं, कोण गेलं हो तुमच्यातलं? सूतमामा म्हणाला, अजून कुणी नाही, पण ती खुंटी अशी ढिली धरलीस तर तुझा नंबर लागेल.

मूळचा तो गवंडी. बाप गवंडी, आजा गवंडी. आपल्या पाळण्यावर खेळणं म्हणून ओळंबा टांगला होता, असं तो सांगतो. त्यातलं खरं किती ते त्याची आईच जाणे. गवंड्याच्या घरात तीन शब्दांवर संसार चालतो. उभी भिंत ओळंब्यात पाहिजे, कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, पाहिजे आणि आडवी रांग सुतात पाहिजे. बाकी जगात काय वाकडं असेल ते असो.

असा माणूस टोपल्याच्या बांधकामावर आला. पहिल्याच दिवशी त्यानं प्रेक्षकांच्या सज्जाच्या भिंतीला ओळंबा लावला, तर गोळा भिंतीपासून हातभर लांब जाऊन लोंबकळू लागला. सूतमामा धावत इंजिनियरकडं गेला आणि म्हणाला की भिंत पडतेय, माणसं हलवा. इंजिनियरनं शांतपणे नकाशा दाखवला. पडत नाही, मुद्दाम झुकवलीय. यावर मामाचं म्हणणं, पडणारी प्रत्येक भिंत आधी झुकतेच. तीन दिवस तो त्या भिंतीच्या सावलीत जेवायला बसला नाही. लांब उन्हात बसून भाकरतुकडा खायचा आणि भिंतीकडं असा बघायचा जणू ती कधीही शिंकेल.

चौथ्या महिन्यात त्याचं मत फिरलं. छताचे पहिले खवले बसले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बुटक्या बाजूनं सकाळचं कोवळं ऊन थेट हिरवळीवर उतरतं, आणि दुपारचं रणरणतं ऊन उंच बाजू आपल्या पाठीवर घेते, माणसांवर येऊ देत नाही. ते तिरपे खांबसुद्धा उगाच तिरपे नव्हते. दाटीत उभी माणसं एकमेकांवर रेलतात आणि म्हणून कुणीच पडत नाही, तसा तो हिशोब होता. त्या दिवशी मामा जेवणाचा डबा घेऊन भिंतीच्या सावलीत गेला, पाठ टेकून बसला आणि शेजारच्याला म्हणाला, "ज्यानं हे काढलंय ना, त्याला ओळंबा पक्का कळतो. कळल्याशिवाय इतकं नेमकं चुकता येत नाही."

बांधकाम संपलं, गवंडी पांगले. मैदानाला मात्र सूत धरणारा माणूस हवाच होता. मामा राहिला तो राहिलाच.

त्याचं काम बघण्यासारखं. सकाळी वारा उठायच्या आत तो येतो. या कोपऱ्यात एक लोखंडी खुंटी, त्या कोपऱ्यात दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये एकशे पाच मीटर सूत. ताणून झालं की मधोमध जाऊन बोटानं छेडतो. सूत भुंग्यासारखं गुणगुणतं, थरथरतं आणि आपल्या जागेवर येऊन गप बसतं. असं तीनदा छेडायचं, तीनदा बसू द्यायचं आणि मगच रंगाची गाडी ढकलायची. एकदाच का नाही, असं कुणी विचारलं तर सांगतो, एकदा विचारल्यावर माणूस खोटं बोलू शकतो, तिसऱ्यांदा विचारल्यावर चाचरतो. सुताचंही तसंच.

हा नेम मात्र पहिल्यापासूनचा नाही. तो त्याला लागला आठ वर्षांपूर्वी, आणि चांगलाच महाग पडून लागला.

टोपल्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना ठरला होता. मामानं ओळी मारल्या आणि स्वैपाक झाल्यावर चव बघावी तसा सज्जात चढून आपलं काम बघायला गेला. बघतो तर लांबीची ओळ मध्ये आत दबलेली. पोटात बुक्की बसल्यासारखी. खरी गोम अशी होती की टोपल्याची भिंत गोलाईची, मधोमध हातभर बाहेर फुगलेली. फुगीर भिंतीच्या शेजारी सरळ ओळ आखली की ती उलटी आत वाकल्यासारखी दिसते. ओळ सुतात होती, बनवत होते ते डोळे. पण मामाच्या बापाचं वाक्य होतं, 'आधी डोळा, मग सूत.' बाप रस्त्यावरून जाता जाता भिंतीतला बोटभर फरक सांगायचा. मामानं बापाचं ऐकलं. मधोमध तिसरी खुंटी ठोकली, सूत चार बोटं बाहेर ओढलं, जुनी ओळ धुतली आणि नवी मारली. पुन्हा वर चढून बघितलं. अशी सरळ की दृष्ट काढावी.

सामना शेवटापर्यंत शून्यावर अडकला होता. मग आपल्या संघातला डावखुरा ओळीलगत सुसाट सुटला. मैदानाच्या मधोमध चेंडू ओळीला अगदी चाटून गेला. पाहुण्यांनी हात वर केले, बाहेर गेला म्हणून. रेषेवरचा पंच वाकून बघत होता, त्याचं निशाण खालीच राहिलं, कारण चेंडू ओळीला शिवून होता. डावखुऱ्यानं तसाच पुढं नेला आणि गोल मारला. शहर तीन दिवस झोपलं नाही. मामासुद्धा रंगाच्या बादलीसकट नाचला. निम्मी बादली त्याच्याच अंगावर सांडली.

माणसं पांगली, मैदान रिकामं झालं. मामा खुंट्या गोळा करत होता. तेवढ्यात पाहुण्या संघाचा म्हातारा प्रशिक्षक एकटाच बाहेर आला. चांगला कोट घातलेला. तो कोपऱ्यात गेला आणि कोटासकट पालथा झोपला. गाल हिरवळीला टेकला, एक डोळा मिटला आणि ओळीकडं बघत राहिला. मग उठला, गुडघे झाडले. खुंट्या धरून उभा असलेला मामा त्याला दिसला. एका कारागिरानं दुसऱ्याला करावी तशी त्यानं मान हलवली आणि निघून गेला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मामा सुटला असता.

तो गेल्यावर मामा स्वतः पालथा झोपला. गाल टेकून बघितलं. खाली झोपल्यावर भिंत दिसत नाही, सज्जा दिसत नाही, दिसते फक्त ओळ. आणि ओळीला पोट सुटलं होतं. चार बोटांचं, गोल, जेवून उठलेल्या माणसासारखं.

हे त्यानं फक्त बायकोला सांगितलं. मामी घरी शिवणकाम करते, गोलच्या फाटलेल्या जाळ्याही तिच्याकडंच येतात. तिनं मशिनीचं चाक थांबवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, झालं ते झालं, पण यापुढं गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून कात्री चालवू नका. त्या दिवसापासून मामानं डोळ्याला रजा दिली.

पण शिक्षा टळली नाही. मामाच्या जावयाचं केशकर्तनालय आहे, आणि जावई म्हणजे फुटबॉलचा वेडा. त्यानं त्या ऐतिहासिक क्षणाचा दारभर फोटो आणून आरशाच्या वर लावला. फोटो काढणाऱ्यानं कोपऱ्यातून, लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्यानं काढलेला. डावखुरा, चेंडू आणि त्याच्या पायाशी धावत आलेली ओळ. बघणारे डावखुऱ्याकडं बघतात. मामा महिन्यातून एकदा त्या खुर्चीत बसतो, गळ्याला कापड आवळलेलं, मान हलवायची सोय नाही, आणि समोर ते पोट. आठ वर्षं हा माणूस हजामतीला जातो आणि शिक्षा भोगून येतो.

यंदा टोपल्यात मोठी स्पर्धा आली. नवे मैदानसाहेब आले. वयानं तरुण, स्वभावानं साधे, कामाला वाघ. मामाला मामाच म्हणायचे आणि चहा आधी त्याच्या हातात द्यायचे. मामाची ही शेवटची स्पर्धा होती, पुढच्या वर्षी तो निवृत्त व्हायचा होता.

स्पर्धेला दहा दिवस असताना टीव्हीवाल्यांनी चाचणी म्हणून चित्रं घेतली आणि साहेबांच्या टेबलावर पत्र येऊन पडलं. ओळ वाकडी दिसते. साहेबांनी मामाला बोलावलं. मामानं फीत लावून दाखवली. या टोकाला अडुसष्ट मीटर, त्या टोकाला अडुसष्ट, मधोमध अडुसष्ट. साहेबांनी तीनही वेळा स्वतः वाकून बघितलं.

"सरळ आहे हो मामा. पण दिसत नाही ना सरळ," साहेब म्हणाले. "मध्ये चार बोटं बाहेर घ्या. पंचांचं मी बघतो, तेवढं खपून जातं. कुणाला कळणार नाही."

मामा म्हणाला, "चेंडूला कळेल."

साहेब हसले. मग हसू आवरून त्यांनी खरं काय ते सांगितलं. टीव्हीवाले त्यांच्या डोक्यावर मिरी वाटत होते. गुरुवारपर्यंत ओळ दुरुस्त दिसली नाही तर बाहेरून यंत्रवाली टोळी येणार, ती सगळ्या ओळी मारणार आणि मामानं स्पर्धा घरी बसून बघायची. मी तुम्हाला काढत नाही, साहेब म्हणाले, पण थांबवणं माझ्या हातात नाही.

म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. ऐकलं तर स्वतःच्या हातानं पुन्हा तेच पोट, तेही सगळ्या जगासमोर. नाही ऐकलं तर परक्या हातानं तेच पोट, आणि मामा आपल्याच मैदानाबाहेर.

घरी आला तो जेवायला बसेना. मामी एका गिऱ्हाइकाचा चौकड्यांचा कोट शिवत होती. तिनं न बघताच विचारलं, कुठल्या भिंतीनं मारलं आज? मामानं सगळं सांगितलं. मामीनं कोट उलटा करून त्याच्या पुढ्यात धरला.

"या माणसाचा डावा खांदा दोन बोटं खाली आहे," ती म्हणाली. "चौकडी सरळ लावली की त्याच्या अंगावर तिरपी दिसते. मग मी चौकडी तिरपी कापू? खांद्यात भर घालते. कापडाला हात लावत नाही."

"भिंतीला खांदा कुठाय?"

"पोट तर आहे ना? मग पोटाला पट्टी लावा."

मामाच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. ओळ आणि भिंत यांच्यामध्ये पाच-सहा हात रुंद खोट्या गवताचा पट्टा होता, थेट भिंतीपर्यंत. डोळा ओळीची तुलना करतो ती भिंतीच्या गोलाईशी. भिंतीच्या पायाशी गडद रंगाच्या गवताची पट्टी चिकटवली, बाहेरची कड भिंतीच्या गोलाईची आणि आतली कड सुतासारखी सरळ, तर डोळ्याला शेजार म्हणून सरळ कड मिळेल. मग ओळही सरळ दिसेल. मधोमध हातभर रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती, धनुष्यासारखी पट्टी.

"पण साहेब ऐकायचे नाहीत," मामा म्हणाला. "त्यांनी तिकडं शब्द देऊन टाकलाय. चार बोटांनी काय होतं, हेच त्यांना कळत नाही."

"तुम्हाला कळतंय ना? मग सांगून टाका." मामीनं दोरा दातानं तोडला. "आठ वर्षं पोटात ठेवलंत. तुमचंही सुटायला लागलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामानं पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा पिशवीत घातला आणि साहेबांना कोपऱ्यात नेलं. म्हणाला, झोपा. साहेबांनी इस्त्रीच्या शर्टाकडं बघितलं, इकडंतिकडं बघितलं आणि झोपले. मामानं पाइप डोळ्याला लावून दिला. पाइपातून भिंत दिसत नाही, छत दिसत नाही. एक वाटोळं हिरवं आणि त्यात एक पांढरी ओळ, आपल्यापासून निघून पार त्या टोकाला टाचणीएवढी होईपर्यंत गेलेली, कुठं न अडखळता. साहेब बराच वेळ उठले नाहीत.

"सुरेख आहे," ते झोपल्या झोपल्या म्हणाले.

"आता त्या डावखुऱ्याच्या गोलचं सांगतो," मामा म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं. तिसरी खुंटी, चार बोटं, कोटवाला म्हातारा.

साहेब उठून बसले. त्या सामन्याच्या वेळी ते कॉलेजात होते आणि समोरच्याच सज्जात ओरडून ओरडून त्यांचा घसा चार दिवस बंद होता. त्यांच्या फोनवर आजही त्याच गोलाचं चित्र होतं. त्यांनी फोन काढला, चित्राकडं बघितलं, बोटांनी मोठं करून पुन्हा बघितलं. मग फोन उपडा करून गवतावर ठेवला.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"बायकोला."

"अजून कुणाला सांगू नका." ते उठले, कोपऱ्यापासून मधल्या ओळीपर्यंत चालत गेले आणि परत आले. कोपरांना हिरवे डाग पडले होते, ते झाडायचंही त्यांना सुचलं नाही. "ती पट्टी किती दिवसांत होईल?"

मामीला मैदानावर आणलं. तिनं भिंतीच्या बुडाशी कागद लावून गोलाईचा खाका उतरवला, एका वेळी तीन हात, असं करत शंभर मीटर. कानावर खडू, तोंडात टाचण्या, आणि चार धट्टेकट्टे माळी तिच्यामागं गुडघ्यांवर रांगत होते. कागद आडवा धरला की टाचण्यांतूनच त्यांचा उद्धार व्हायचा. दोन दिवसांत पट्टी भिंतीच्या पोटाला अशी बसली की जन्मापासून तिथंच असावी. सरळ कडेची जबाबदारी अर्थात मामाची. त्यानं सूत ताणलं, तीनदा छेडलं.

गुरुवारी टीव्हीवाल्यांनी पुन्हा चित्रं घेतली. खूश झाले. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, ओळ दुरुस्त केली कधी? साहेब चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाले, आज पहाटे.

आपल्या संघाचा सामना आला तेव्हा टोपलं काठोकाठ भरलं होतं. ते भरलेलं टोपलं एकदा तरी बघावं. ओरडा बुटक्या बाजूनं उठतो, तिरप्या कडेनं फिरत फिरत उंच बाजूला चढतो आणि तिथून सगळा मिळून खाली मैदानात कोसळतो. खेळणाऱ्यांना तो पाठीवर थाप पडल्यासारखा लागतो म्हणतात. मामाची जागा खेळाडू बाहेर येतात त्या बोळाच्या तोंडाशी, उपड्या बादलीवर. तिथं बसून छताच्या खवल्यांतून चाळणीतल्यासारखं गळणारं ऊन बघायला त्याला खेळाइतकंच आवडतं.

सत्तर मिनिटं झाली, बरोबरी होती. आपल्या बाजूचा एक नवा गडी, लोक ज्याला दुसरा डावखुरा म्हणायला लागले होते, चेंडू घेऊन ओळीलगत सुटला. मैदानाच्या मधोमध चेंडू त्याच्या पायापासून जरा लांब गेला, त्यानं पाय लांबवून ओढून घेतला, आत वळवला, पुढं दिला आणि गोल. टोपलं फाटेल की काय असा आवाज झाला. मामाही बादलीवरून उठला होता. पण त्यानं चेंडू जाताना ओळीकडं बघितलं होतं, त्यामुळं तो ओरडला नाही.

पंचानं बोट कानाला लावलं. मोठ्या पडद्यावर तो क्षण थांबवून दाखवला. चेंडू अख्खाच्या अख्खा ओळीबाहेर होता. चेंडू आणि ओळ यांच्यामध्ये दोन बोटं हिरवं दिसत होतं.

दोन बोटं. चार बोटांचं पोट तिथं असतं तर चेंडू आतच होता. हा हिशोब त्या साठ हजार माणसांत फक्त दोघांना ठाऊक होता. एक मामा, आणि दुसरे साहेब पलीकडच्या बाजूला उभे होते. साहेबांनी मामाकडं बघितलं, मामानं साहेबांकडं. मग साहेबांनी घड्याळात बघितल्यासारखं केलं, आणि मामा बादलीवर बसला.

गोल रद्द झाला. शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांनी एक मारला आणि आपण स्पर्धेबाहेर.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर ते दोन बोटं हिरवं. ओळच वाकडी होती, अशी बोंब उठली. स्पर्धेच्या अधिकाऱ्यांनी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर फीत लावली, यंत्र लावलं. मैदानाची रुंदी तीन जागी मोजली, तिन्ही जागी अडुसष्ट. फितीचं दुसरं टोक साहेबांनी धरलं होतं. काय सांगाल, असं त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ओळ सरळ आहे. सूतमामांनी मारलीय."

साहेबांनी कौतुकानं सांगितलं. पण शिव्या कुणाला द्यायच्या हे शोधत बसलेल्या शहराला पत्ता मिळाला. भाजीवाली काकडी उभी धरून विचारायची, चालेल का मामा, सरळ आहे. कंडक्टर म्हणायचा, दोन बोटं आत सरका. मामा सरकायचा.

घरचा आहेर मात्र जावयानं दिला. तो दारातूनच बोलला, आत आला नाही.

"मामा, दोन बोटं. आपल्याच माणसांसाठी दोन बोटं सरकली नाहीत तुमच्याच्यानं. आपला एक गोल नाही, अख्खी स्पर्धा गेली."

मामा म्हणाला, जावईबापू, चहा घ्या. जावईबापू गेले. त्यानंतर महिनाभर निरोपानिरोपी लेकीमार्फत. मामाचे केस मानेवर आले. दुसऱ्या न्हाव्याकडं जाणं म्हणजे जावयाच्या तोंडाला काळं फासणं, त्यामुळं तेही होईना. मामी म्हणाली, आणखी आठवडा गेला की अस्वल म्हणून तुम्हाला बघायला माणसं येतील, दोरी माझ्या हातात द्या.

मग एक दिवस लेकीचा फोन आला. दुकानात तीन नवे आरसे आणलेत. सुतारानं दोनदा बसवले, दोनदा काढले. एका आरशात गिऱ्हाइकाचं कपाळ जातं, दुसऱ्यात हनुवटी. "त्यांना बोलायला तोंड नाही," लेक म्हणाली, "म्हणून मी सांगते. बाबा, सूत घेऊन या."

मामा गेला. जावई खुर्च्या पुसत होता, या म्हणाला आणि पुसत राहिला. सूत ओढायचं तर भिंत मोकळी हवी, म्हणून मामानं आधी तो दारभर फोटो खाली उतरवून खुर्चीला टेकवला. या कोपऱ्यात खिळा, त्या कोपऱ्यात खिळा, मध्ये सूत. तीनदा छेडलं. तिन्ही आरसे एका रांगेत बसले तेव्हा जावई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वतःचं तोंड बघत चालत गेला. तिन्हींत कपाळ आणि हनुवटी जागेवर होती.

फोटो राहिला होता. जावई त्याची काच पुसायला लागला. मामानं पिशवीतून पाइप काढला आणि त्याच्या हातात दिला.

"खालच्या कोपऱ्यातनं बघा. डावखुऱ्याकडं नको. ओळीकडं."

जावई वाकला. त्याचाही धंदा रेघेचाच. कानावरचे कल्ले दोन्हीकडं सारखे आहेत का, हे तो केसाच्या फरकानं सांगतो. तो बघत राहिला, पाइप काढून बघितलं, पुन्हा लावून बघितलं.

"हिला पोट आहे," तो म्हणाला.

"चार बोटं. माझं काम."

मामानं सांगितलं, थोडक्यात. पाहुण्यांचा म्हातारा पालथा झोपला होता तेही सांगितलं. जावई स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला. बाहेरून कुणीतरी डोकावून विचारलं, नंबर आहे का? त्यानं हातानंच थांब म्हणून सांगितलं.

"मग तो गोल?" त्यानं विचारलं.

"लागलेला आहे. आता काढता येत नाही."

"आणि हे मला आज सांगताय?"

"महिनाभर हजामत नाही. डोकं जड झालंय."

जावयाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मामानं फोटो उचलला आणि विचारलं, हा आता कुठं लावू?

"होता तिथंच लावा. गिऱ्हाईक ओळ बघायला येत नाही." मग म्हणाला, "नाहीतर तुमच्या खुर्चीसमोरनं हलवा."

"राहू दे समोरच," मामा म्हणाला. त्यानं चौकटीला सूत लावलं, डावं टोक केसभर वर घेतलं, आणि खिळा ठोकला. मग खाली उतरून खुर्चीत बसला. जावयानं पांढरं कापड झटकून त्याच्या गळ्याभोवती आवळलं, जरा जास्तच, आणि कात्री हातात घेतली.

"मान सरळ ठेवा, मामा," तो म्हणाला. "तेवढं तर येतंच तुम्हाला."